औषधभांडार सांभाळणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

भूकंपग्रस्तांवर उपचार करून आमचं पथक परतलं आणि सगळं कौतुक आमच्या वाट्याला आलं. सोबत नेलेल्या पेट्या कोणी भरल्या होत्या, हे कुणीच विचारलं नाही. म्हणून हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय.

पोहोचलो तेव्हा वीज नव्हती. टॉर्चच्या उजेडात पहिली पेटी उघडली, तर झाकणाच्या आत यादी चिकटवलेली: कोणत्या थरात काय, किती नग, मुदत कधीपर्यंत. ओल लागून शाई फुटू नये म्हणून वर प्लास्टिक. सगळ्यात वर कात्री, हातमोजे आणि मार्कर. त्याखाली एकेका रुग्णापुरत्या पिशव्या: सलाईन, आयव्ही सेट, हिरवी कॅन्युला (शिरेत घालायची बारीक नळी), चिकटपट्टी, स्पिरिटचा बोळा. एक पिशवी उचलायची आणि थेट रुग्णाजवळ बसायचं. दमलेल्या माणसाचे हात अंधारात कसे चाचपडतात, याचा विचार तुम्ही भांडारात बसून आधीच करून ठेवला होता.

एका पेटीवर तुम्ही मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘ढिगाऱ्याखालच्या रुग्णांसाठी’. आत फक्त नॉर्मल सलाईन, रिंगर लॅक्टेट या दुसऱ्या प्रकारच्या सलाईनची एकही बाटली नाही. हे किती मोलाचं आहे ते इतरांना कळावं म्हणून सांगते. हातपाय बराच वेळ चेपलेला राहिला की स्नायू मरू लागतात. वरचा भार उचलला की त्यांतलं पोटॅशियम एकदम रक्तात उतरतं आणि हृदय बंद पडू शकतं. स्नायूंतून सुटलेल्या इतर द्रव्यांनी मूत्रपिंडं निकामी होतात. म्हणून माणूस अडकलेला असतानाच सलाईन सुरू करायचं, आणि त्यात पोटॅशियम नको. रिंगर लॅक्टेटमध्ये ते असतं. एका आजोबांच्या पायावरची तुळई हलवण्याआधी त्या पेटीतली बाटली लागली. नंतर त्यांना लघवी झाली, काळपट नाही, स्वच्छ पिवळी. ते बघून आमच्या सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तुमच्या कडकपणाबद्दल लोक कुरकुर करतात, तेही ऐकलंय. कुणी अर्धवट वापरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या किंवा मुदत संपत आलेली औषधं मदत म्हणून आणून दिली की तुम्ही हात जोडून परत करता. बरोबर करता. 1988च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर जगभरातून सुमारे 5 हजार टन औषधं आणि साहित्य येऊन पडलं. ते निवडायलाच 50 माणसांना 6 महिने लागले. अशा अनुभवांतूनच जागतिक आरोग्य संघटनेने 1996मध्ये औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं काढली: पोहोचताना किमान 1 वर्षाची मुदत शिल्लक हवी, वेष्टनावर औषधाचं मूळ नाव हवं. आमच्या एकाही पेटीत निवडत बसण्याची वेळ आली नाही.

शीतपेटीत टीटीच्या, म्हणजे धनुर्वाताच्या लसीच्या, कुप्या आणि बर्फाचे पॅक यांच्यामध्ये तुम्ही पुठ्ठा घातला होता. ही लस गोठली की वाया जाते, हे माहीत असलेले पुष्कळ असतात. पुठ्ठा कापून बसवणारं माणूस विरळा. त्याच पेटीतलं ऑक्सिटोसिन छावणीतल्या एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला कामी आलं. ओआरएसच्या पाकिटांसोबत 1 लिटरची खूण असलेला जग होता. पुढे जखमा मागे पडून जुलाब सुरू झाले, तेव्हा तो जग दिवसभर या तंबूतून त्या तंबूत फिरत होता.

प्रत्येक पेटी दोघांना उचलता येईल एवढीच भरलीत, त्याबद्दल आमच्या ड्रायव्हरदादांनी वेगळे आभार सांगितलेत.

उरलेल्या साहित्याची यादी मुदतीच्या तारखांसह सोबत जोडली आहे. लहान मुलांच्या पिवळ्या कॅन्युला सगळ्यात आधी संपल्या, त्या दुप्पट ठेवा. टाक्यांचे धागे मात्र पुष्कळ उरले. मळलेल्या जखमा आम्ही लगेच शिवल्या नाहीत, धुऊन उघड्याच ठेवल्या. त्या मानाने गॉज आणि जखमा धुवायचं सलाईन कमी पडलं. पेट्या पुन्हा भरायला घ्याल तेव्हा निरोप द्या. आम्ही सगळे येतो, तुम्ही सांगाल ते काम करायला.

तुमची,
पथकातली एक डॉक्टर