दवाखान्याच्या तीन पायऱ्या : मंडळाचं मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

लालबाग-परळच्या चाळींत राहणाऱ्या आणि इथून डोंबिवली, बदलापूर, विरारला गेलेल्या सगळ्या मंडळींना हे पत्र आहे. आपल्या मंडळाचा दवाखाना म्हाताऱ्या माणसांना सहज येता-जाता येईल असा करायचा आहे. त्यासाठी पैसे हवेत आणि कामाला हातही हवेत.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. ज्यांची उमेदीची वर्षं साच्यांच्या, म्हणजे गिरणीतल्या मागांच्या, खडखडाटात गेली त्यांना कमी ऐकू येतं. ज्यांनी कापसाच्या धुळीत काम केलं त्यांच्यातल्या कितीतरी जणांना चार पावलं चाललं की धाप लागते. मोठ्या दुखण्याला केईएम रुग्णालय आहेच. पण महिन्याच्या प्रेशरच्या गोळ्या, साखर, सुजलेले पाय, हटत नसलेला खोकला, यासाठी ही माणसं आपल्याकडे येतात. आपले डॉक्टर चांगले आहेत, शांतपणे तपासतात. अडतं ते त्यांच्यापर्यंत पोचताना.

दवाखाना रस्त्यापासून तीन पायऱ्या उंच आहे. हिंदमाताला तुंबणारं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांना जोतं एवढं उंच का, हे सांगायला नको. ते खाली आणता येणार नाही, म्हणून रॅम्प हवा. एक इंच उंचीला एक फूट लांबी, असा रॅम्पचा हिशेब असतो. आपली उंची २१ इंच, म्हणजे २१ फुटांचा उतार. आखूड केला तर व्हीलचेअर चढवताना दम निघतो आणि उतरताना ती आवरत नाही. फूटपाथवर एवढी जागा नाही आणि लोकांचा फूटपाथ आपण अडवायचाही नाही. त्यामुळे रॅम्प चाळीच्या चौकातून, मध्ये सपाट टप्पा ठेवून वळवून आणायचं ठरलं आहे. दोन्ही बाजूंना धरायला कठडा असेल. चौकात गाड्या लावणाऱ्यांनी त्यासाठी जागा सोडायची तयारी दाखवली, त्यांचे मनापासून आभार.

तरीही रॅम्पच्या आधी संडास झाला पाहिजे, असं आम्हाला ठामपणे वाटतं. प्रेशरसाठी किंवा पायांच्या सुजेसाठी अनेकांना लघवी होण्याची गोळी असते. ती घेतली की पुढचे काही तास पुन्हा पुन्हा जावं लागतं. दवाखान्यात सोय नाही, म्हणून तपासणीच्या दिवशी सकाळी गोळीच घ्यायची नाही, पाणीही प्यायचं नाही, असं आपल्या आज्या-मावश्या करतात. मग प्रेशर वाढलेलं दिसतं. गोळी चुकवल्याचं त्या संकोचाने बोलत नाहीत, आणि डॉक्टर औषध वाढवून देतात. घरी तोच वाढलेला डोस नेमाने घेतला की उठता-बसता चक्कर येते, तोल जातो. या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडण्याची भीती. एक कमोड नाही म्हणून हे सगळं! मागची अडगळीची खोली रिकामी करून तिथे कमोड, भिंतीत पक्के बसवलेले स्टीलचे दांडे आणि न घसरणारी लादी बसवायची आहे. दार बाहेरच उघडणारं हवं. आत कुणी पडलं, तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि मदत पोचत नाही.

बसायला बाकांऐवजी हात असलेल्या, १८ इंच उंचीच्या खुर्च्या हव्यात, म्हणजे हातांवर भार देऊन उठता येतं. तपासणीचा पलंगही बुटका हवा. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी हेडफोनवर आवाज मोठा करून देणारं एक छोटं यंत्र घ्यायचं आहे. ओरडून बोललं तर शब्द उलट फाटतात, आणि दुखणं चारचौघांत जातं ते वेगळंच.

गवंडी, फिटर, प्लंबर असाल तर एखादा रविवार द्या. कॉलेजच्या मुलामुलींनी सकाळी तासभर यावं. आजोबांचा नंबर आपण धरावा, त्यांना बसू द्यावं, पिशवीतली औषधं कधी घ्यायची ते मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून द्यावं. ७० वर्षं पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार होतात. आधार कार्ड घेऊन येणाऱ्यांची ती नोंदणीही मुलांनी करून द्यावी.

देणगी मंडळाच्या नावाने चेकने द्या. २००० रुपयांपर्यंत रोख घेऊ, पावती दवाखान्यातच मिळेल. सगळी दरपत्रकं बाहेरच्या फलकावर लावली आहेत, ती जरूर वाचा आणि कुठे कमी खर्चात होत असेल तर सांगा. संडासापुरते पैसे जमले की ते काम लगेच सुरू करू, रॅम्प पावसाळ्याआधी पुरा करायचा आहे. घरातला वॉकर किंवा काठी द्यायची असेल तर खालचं रबर झिजलंय का ते बघून सांगा, आम्ही नवीन बसवून घेऊ.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते