झोपेसाठी आवाज, पण कसा?

मा. संपादक,

झोप न येणाऱ्यांना ‘पावसाचा आवाज लावा’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो कसा लावायचा, हे कुणी सांगत नाही. झोपेतला मेंदू दचकतो तो शांततेतून अचानक उठलेल्या आवाजाने. एकसुरी आवाज हा चढउतार बुजवतो. म्हणून तासाभराचा टायमर लावू नये. तो बंद पडतो आणि पहाटेच्या हलक्या झोपेत कुत्र्याचं भुंकणंही जागं करतं. आवाज रात्रभर चालू हवा.

गडगडाटाचा पाऊस नको, संथ सर किंवा पंख्याची घरघर बरी. छोटी फाइल पुन्हापुन्हा वाजली की सांध्यावरची खाच कान हेरतो; आठ तासांची फाइल उतरवून फोन विमान मोडवर ठेवा, म्हणजे मध्येच जाहिरात किंकाळणार नाही. स्पीकर उशाशी नको, खिडकीकडे ठेवा. आवाज 50 डेसिबलच्या आत. साधं बोलणं सहज ऐकू यायला हवं. इअरफोन घालून झोपू नये, कानात मळ दाबला जातो.

आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोप उडत असेल, तर मात्र डॉक्टरांना भेटा. निद्रानाशासाठीची वर्तन-उपचारपद्धती, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार बदलणं, हाच पहिला उपाय. आवाज फक्त सोबतीला.

– एक वाचक, पुणे