रेडिओ बसला म्हणे!

रामबाग, इंदूर

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

‘टीव्ही आला आणि रेडिओ बसला’ असं लिहिलंस, ते अगदी मुंबईकराला शोभेल असं! तुमच्याकडे २ ऑक्टोबर १९७२ ला दूरदर्शन सुरू झालं. आमच्या इंदुरात घरोघरी टीव्ही दिसायला ऐंशीचं दशक उजाडलं. तेवढी वर्षं रेडिओ आम्हाला जास्तीचा मिळाला, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

नानांचा व्हॉल्व्हचा सेट आठवतो? बटण फिरवलं तरी लगेच बोलायचा नाही. आधी काचेमागचा दिवा लागायचा, मग व्हॉल्व्ह तापायचे, आणि स्टेशन नेमकं लागलं की स्टेशन जुळल्याचं दाखवणाऱ्या त्या हिरव्या दिव्याच्या डोळ्याची फट मिटत यायची. त्याला हात लावायची आपली टाप नव्हती. म्हणून बुधवारी रात्री आठला श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला ऐकायला इथल्या तुमच्या जुन्या घरी. शॉर्टवेव्हचा आवाज यायचा, बुडायचा. ऐन वरच्या पायदानाला, म्हणजे वरच्या नंबरांच्या गाण्यांना, बुडाला की तुझा दादा स्टुलावर चढून एरियलची जाळी हलवत बसायचा. फरक काही पडायचा नाही, पण त्याला सांगणार कोण!

सिलोनला ही गिऱ्हाइकं मिळवून दिली ती आपल्याच बाळकृष्ण केसकरांनी. १९५२ साली माहितीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी पार आटली. त्याच डिसेंबरात तिकडे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू! महायुद्धात दोस्त फौजांसाठी उभारलेलं केंद्र सिलोनला आयतं मिळालं होतं, त्यामुळे आवाज थेट माळव्यापर्यंत पोचायचा. सरकारने विविध भारती काढली ती १९५७ च्या ऑक्टोबरात.

तरी केसकरांना मी नावं ठेवणार नाही. शनिवारी रात्रीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच काळातला. त्या वेळी दारात कुणाची चप्पल वाजलेली नानांना खपायची नाही. आमीर खाँसाहेब इंदूरचे, कुमार गंधर्व देवासचे. दिल्लीहून नाव पुकारलं की नाना असे ताठ बसायचे, जणू यांनाच गायला बोलावलंय.

आणि आपलं मालवा हाउस! आकाशवाणीचं १९५५ पासूनचं इंदूर केंद्र. तिथल्या शेतीच्या कार्यक्रमातले नंदाजी-भेराजी माळवीत शेतीच्या गोष्टी करायचे, आणि जिच्या नावावर वीतभर जमीन नव्हती ती आमची आजी कपाशीवरच्या किडीची काळजी करत बसायची. संध्याकाळी कुणी हाक मारली तर ‘थांब रे, भेराजी बोलतोय’ म्हणायची.

पुढे आमच्याकडेही टीव्ही आला. पण क्रिकेट असलं की नाना त्याचा आवाज बंद करून शेजारी ट्रान्झिस्टर लावायचे. हिंदी समालोचन ऐकावं तर आपल्या इंदूरच्या सुशील दोशींचं, हे त्यांचं ठाम मत. चित्र आणि आवाज जुळत नसत, रेडिओवर विकेट पडली तरी पडद्यावर बोलर धावतच असायचा. सगळे ओरडायचे, नाना मात्र खूश.

तेव्हा ‘बसला’ हा शब्द मागे घे. दादाला त्या एरियलबद्दल विचार, अजून कबूल करतो का ते कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या