तुझ्या कांदळाच्या छायाचित्राविषयी

प्रिय अनिरुद्ध,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले कांदळाचे, म्हणजे खारफुटीच्या झाडाचे, अर्धे पाण्यावरचे आणि अर्धे पाण्याखालचे छायाचित्र चौकटीत बसवून बैठकीच्या भिंतीवर लावले आहे, आणि घरी येणारा प्रत्येक माणूस त्याच्यासमोर थबकतो. मागच्या पत्रात तू जरा चिडूनच लिहिले होतेस की लोक हे छायाचित्र पाहतात आणि सर्वांत आधी विचारतात ते "हे खरं आहे का?" भरतीच्या पाण्यात तासन्‌तास उभे राहून केलेल्या मेहनतीचे हेच फळ का, असा तुझा सूर होता. उत्तर मी मुद्दाम लांबवले, कारण लोक नेमके काय पाहतात आणि कुठे अडतात, ते मला आधी स्वतः पाहायचे होते. आता माझे मत बनले आहे आणि ते तुझ्या तक्रारीच्या विरुद्ध जाणारे आहे. तो प्रश्न विचारणाऱ्यांइतके लक्षपूर्वक तुझे चित्र दुसरे कोणीही पाहत नाही.

"वा, काय सुंदर!" म्हणणाऱ्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही, ते मान डोलावतात आणि गप्पांकडे वळतात. शंका आलेला माणूस मात्र पुढे सरसावतो, चष्मा कपाळावर चढवतो, आणि बहुतेक वेळा त्याचे बोट थेट पाण्याच्या रेषेवर जाते. चौकटीच्या काचेवर त्या रेषेलगत बोटांचे ठसे उमटले आहेत. वरच्या पानांवर किंवा खालच्या कालवे चिकटलेल्या मुळांवर एकही नाही. दोन चित्रे जोडली असतील तर सांधा तिथेच असणार, अशा हिशेबाने ते ती रेषा चाचपून पाहतात. शेजारची लहान मुलगी तर बराच वेळ बघून म्हणाली, "यातलं पाणी सांडत का नाही?" सगळे हसले, पण पोरीने वर्मावर बोट ठेवले होते. ते पाणी खरोखरच काचेने अडवलेले आहे; ती काच चौकटीची नसून तुझ्या कॅमेऱ्यापुढची आहे, एवढाच फरक.

आमच्या मामांचा आक्षेप मात्र तुला सविस्तर सांगायला हवा. ते निवृत्त अभियंते आहेत हे तुला ठाऊकच आहे. चित्रासमोर हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "पाण्यात तिरकी घातलेली काठी मोडल्यासारखी दिसते, हे शाळेतलं पोरही सांगेल. मग हे मूळ हवेतून पाण्यात शिरताना इतकं सरळ कसं? दोन फोटो जोडलेत, आणि जोडणाऱ्याचं भौतिकशास्त्र कच्चं आहे." इतका नेमका आक्षेप दुसऱ्या कोणीही घेतला नव्हता, आणि त्याला उत्तर देताना तुझ्या कामातली खरी गोम माझ्याही नीट ध्यानात आली. काठी वाकडी दिसते ती आपण हवेत राहून पाण्याच्या पृष्ठभागातून खाली पाहतो तेव्हा. तुझ्या चित्राचा खालचा भाग पृष्ठभागातून पाहिलेलाच नाही, कारण कॅमेऱ्याच्या काचेचा खालचा अर्धा भाग स्वतःच पाण्यात होता. ती काच सपाट असती तर मामांचे म्हणणे बरोबर ठरले असते: पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशकिरण वळवण्याचे माप, सुमारे 1.33 असल्यामुळे खालची मुळे साधारण तितक्या पटीने मोठी दिसली असती आणि रेषेपाशी वरच्या भागाशी त्यांचा मेळ बसला नसता. तुझा डोम, म्हणजे कॅमेऱ्यापुढची ती घुमटासारखी काच, गोलाकार आहे, आणि लेन्स त्याच्या केंद्राशी नीट बसलेली असली की तिच्यात शिरणारे किरण काचेला काटकोनात भेटतात आणि न वळता आत येतात. म्हणून मूळ सरळ.

मामा एवढ्यावर थांबणारे नव्हेत. "मग या डोममध्ये तोटा काय?" त्यांनी विचारले, कारण फुकट काही मिळते यावर त्यांचा विश्वास नाही. तोटा फोकसचा, हे मी तुझ्याकडून ऐकले होते, तेच सांगितले. गोल काचेपुढचे पाणी स्वतःच एका भिंगासारखे वागते आणि पाण्यातल्या दूरच्या वस्तूची प्रतिमाही अगदी जवळ आणून ठेवते. डोमची त्रिज्या दहा सेंटिमीटर असेल, तर पाण्यातली कितीही लांबची वस्तू कॅमेऱ्याला काचेपासून जेमतेम तीस सेंटिमीटरवर असल्यासारखी भासते. वरच्या फांद्या मात्र खरोखर कित्येक मीटरांवर असतात. दोन्ही एकाच वेळी स्पष्ट यायच्या तर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ/16 किंवा त्याहूनही बारीक करावे लागते. त्याने प्रकाश आणखी कमी होतो, आणि पाण्याखाली तो आधीच तुटपुंजा असतो, शिवाय लाल रंग पाणी सर्वांत आधी शोषून घेते, म्हणून खाली फ्लॅश लावावा लागतो. मामांनी कागद मागवून आकृती काढली, किरण आखले, आणि बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "त्याला विचार, त्रिज्या नक्की किती होती." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी दाद मी आजवर ऐकलेली नाही.

तरुण मंडळींची शंका निराळी आणि, खरे सांगायचे तर, आळशी: "एआयने केलंय का?" त्यांना मी एवढेच सांगतो की पाण्याखालची छायाचित्रे काढणारे डेव्हिड डूबिले 1971 पासून नॅशनल जिऑग्राफिकसाठी छायाचित्रे काढत आले आहेत आणि अशी अर्धी पाण्यातली, अर्धी हवेतली चित्रे त्यांनी फिल्मच्या काळातही काढली, तेव्हा एआय तर सोडाच, फोटोशॉपही बाजारात आलेले नव्हते. याच मंडळींपैकी एकाने, तुझ्या चित्रावर शंका घेता घेता, हिमनगाच्या त्या सुप्रसिद्ध चित्राची आठवण काढली: वर छोटेसे शिखर, खाली पाण्यात बर्फाचा प्रचंड डोलारा. "ते कसं खरं वाटतं!" असे तो म्हणाला. ते चित्र छायाचित्रकार राल्फ क्लेव्हेंजर यांनी वेगवेगळी छायाचित्रे जोडून तयार केलेले आहे, आणि त्यांनी ते कधी लपवलेलेही नाही. एवढा उंच, निमुळता हिमनग पाण्यात तसा उभा राहणारच नाही, तो आडवा होईल. तरीही कचेऱ्यांच्या भिंतींवर ते पाहून कोणी शंका काढत नाही, कारण हिमनगाचा सुमारे नऊदशांश भाग पाण्याखाली असतो हे लोकांनी आधीच ऐकलेले असते आणि ते चित्र त्यांच्या ऐकीव माहितीवर शिक्का मारते. कांदळाच्या मुळांत माशांची पिल्ले अशी थव्याने दडून असतात, आणि त्याच क्षणी वर पानांवर ऊन चमकत असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. म्हणून अस्सल चित्रावर संशय आणि जोडलेल्या चित्रावर विश्वास, असा उफराटा न्याय होतो.

शिवाय असे दृश्य माणसाच्या डोळ्याला कधी दिसतच नाही. आपल्या डोळ्याची सुमारे दोनतृतीयांश शक्ती बुबुळावरच्या पारदर्शक वक्र पडद्यात असते आणि पाणी लागताच ती जवळजवळ नाहीशी होते. म्हणून पाण्यात उघड्या डोळ्यांनी सगळे धूसर दिसते. मध्य अमेरिकेपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत आढळणाऱ्या ॲनाब्लेप्स नावाच्या माशाला मात्र हे साधते. त्याला "चार डोळ्यांचा मासा" म्हणतात, पण डोळे दोनच. प्रत्येक डोळा आडव्या पट्ट्याने दुभागलेला, वरची बाहुली हवेत आणि खालची पाण्यात. तो मासा तुझ्या चित्रासमोर आला असता तर त्याला त्यात काहीच नवल वाटले नसते. आपण ॲनाब्लेप्स नाही, तेव्हा ज्याला ते चित्र पाहून "असं कुठं असतं का?" असे वाटते, त्याचा डोळा त्याला योग्यच सल्ला देत असतो.

एक गोष्ट तुझ्या प्रदर्शनासाठी उपयोगी पडेल. आत्याला पाण्याची भीती आहे. ती चित्रापासून हातभर लांबच उभी राहायची आणि "नाकातोंडात पाणी जाईल असं वाटतं," म्हणायची. मी नीट पाहिले तेव्हा लक्षात आले की चौकट लावली होती त्या उंचीवर पाण्याची रेषा बरोबर तिच्या हनुवटीशी येत होती. चौकट वीतभर खाली घेतली, रेषा छातीपाशी आली, आणि आत्या खुर्ची ओढून समोर बसली. मासे मोजू लागली. मोठी प्रत टांगताना याचा विचार कर. सगळ्यांनाच घाबरवायचे असेल तर गोष्ट वेगळी.

वरच्या उजव्या कोपऱ्यात पानांवर जो धुरकट डाग आहे, डोमवर राहिलेल्या थेंबाचा, तो नव्या प्रतीत पुसून टाकणार असल्याचे तू लिहिले आहेस. माझे ऐकशील तर तो राहू दे. त्याने काही सिद्ध होत नाही, खोट्या चित्रात असा डागही घालता येतो; पण ज्यांनी तो शोधून काढला, ते त्यानंतर काच कुठे होती, पाणी कुठे होते आणि तू कुठे उभा होतास, हे विचारू लागले.

आणि मामांना त्रिज्या कळव. ते भेटले की दर वेळी विचारतात.

तुझा,
श्रीकांत