ऐकून सांग, मीच आहे का तो

प्रिय बाळ्या,

जहाजावरच्या शोचा व्हिडिओ मिळाला असेल. वहिनीला हाक मारून ‘बघ, आपला कोटात कसा दिसतो’ वगैरे करू नकोस, मी त्यात दिसतच नाही. नाचणाऱ्या पोरींच्या मागे ती झगमगती एलईडीची भिंत आहे ना, तिच्याही मागे आम्ही बँडवाले सात जण बसतो. शेवटच्या गाण्याला भिंत सरकते, तेव्हा पब्लिकला कळतं की अरेच्चा, माणसंही होती! तेव्हा बघू नकोस, ऐक. का ते सांगतो. फोनवरही सांगितलं असतं, पण भर समुद्रातलं नेट ‘हॅलो, येतोय का आवाज’ यातच संपतं, आणि तुला मध्येच बोलायची खोड आहे. पत्रात तुला गप्प बसावं लागतं.

माझी तब्येत ठीक. पाठ धरते अधूनमधून, वजन वाढलंय. पुढे.

मागच्या फेरीत कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटाहून संध्याकाळी निघालो आणि वारा सुटला. एरवी एवढं मोठं धूड हलतंय हे पडद्यांच्या झोळाकडे बघितलं तरच कळतं. त्या रात्री मात्र ट्रॉम्बोनवाल्याचा म्युझिक स्टँड सरकत सरकत माझ्या पायाशी आला. मी तो एका पायाने अडवून वाजवतोय, तेवढ्यात दुसऱ्या गाण्यात माझा डीआय बॉक्स, म्हणजे बेस गिटारचा आवाज साउंडवाल्याकडे नेणारी डबी, मेला. बोटं तारेवर चालू, कानात फक्त क्लिक, म्हणजे लॅपटॉपचा ठोका. टिक टिक टिक टिक. बेस गायब. एक-दोन आवर्तनं पोटात गोळा, आणि मग बघतो तर कीबोर्डवाला माझ्याकडे बघून मान डोलावतोय, म्हणजे मस्त चाललंय. शो संपला, टाळ्या झाल्या, आणि साउंडवाला पाठीवर थाप मारून म्हणाला, काळजी करू नकोस, मी तुझा ट्रॅक वर घेतला होता.

तुला हे सांगायला हवं, कारण तू ही सगळी भानगड सुरू व्हायच्या आधीच ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्यास. मोठ्या शोला आम्ही सात जण, बाकीची फौज लॅपटॉपमध्ये: व्हायोलिन्स, कोरस, जास्तीची तालवाद्यं. पण त्याच लॅपटॉपमध्ये आमचीही वाद्यं एकेका ट्रॅकवर भरून ठेवलेली असतात, म्यूट करून. कुणाला उलट्या लागल्या, कुणाचा हात मोडला, तर साउंडवाला तो ट्रॅक उघडतो. समुद्राच्या मध्यात बदली बेसवाला आणणार कुठून? शहाणपणाचीच सोय आहे, मला तिच्यावर राग नाही.

दुसऱ्या दिवशी नवीन बॉक्स लागला, कानात माझा बेस आला, विषय संपला. मग एका सी-डेला, म्हणजे बंदर नसलेल्या दिवशी, वरच्या डेकवर एक आजोबा भेटले. आम्हा वादकांना प्रवाशांच्या भागात फिरायची मुभा असते, नीट कपडे आणि छातीवर नावाची पट्टी एवढंच. आजोबा दर वर्षी क्रूझ करणारे, सगळं शूट करणारे. ‘तुम्ही बँडमधले ना’ म्हणून त्यांनी अख्ख्या शोचा व्हिडिओ माझ्या फोनवर टाकला, वर ‘रात्री तुम्ही घरी कसे जाता?’ हेही विचारलं. मी म्हटलं, पोहत. ते हसले नाहीत.

तो व्हिडिओ रात्री बंकवर पडून ऐकला. दुसरं गाणं. कडवं संपवून मुखड्यावर येताना मी काय करतो, तुला वेगळं सांगायला नको. ईच्या तारेवर पाचव्या पडद्यावरून दहाव्यावर घसरत येतो, ए वरून डी वर, आणि समेला किंचित उशिरा टेकतो. तुझ्या भाषेत घसरगुंडी. त्याच घसरगुंडीवरून तू भर प्रोग्रॅममध्ये माझ्या दिशेने काठी भिरकावली होतीस आणि ती बिचाऱ्या निवेदिकेला लागली होती. ‘तू समेवर येत नाहीस, समेला ताटकळत ठेवतोस.’ हे वाक्य तू मास्तरांसमोर बोललास, मी विसरलेलो नाही.

तर बाळ्या, व्हिडिओत घसरगुंडी नाही. डी येतो सरळ, स्वच्छ, बरोब्बर समेवर. चार वेळा मुखडा येतो, चारही वेळा तसाच.

पहिला विचार काय येईल? त्या वाऱ्याच्या रात्रीनंतर साउंडवाला ट्रॅक पुन्हा बंद करायला विसरला. किंवा विसरला नाही, सोपं पडतं म्हणून राहू दिला. म्हणजे मी रोज कोट चढवतो, बसतो, घाम गाळतो आणि हॉलमध्ये वाजतो भलताच कुणीतरी, कधीकाळी कुठल्यातरी स्टुडिओत एकदाच वाजवून पैसे घेऊन गेलेला. आणि हे मला आतून कधीच कळणार नाही, कारण माझ्या कानात येतो तो माझाच बेस, थेट बॉक्समधून. हॉलमध्ये काय जातं ते साउंडवाल्याच्या बोटांखाली. मला ओळखणारे सगळे माझ्याबरोबर भिंतीमागे कानात बोंडं घालून बसलेले, आणि हॉलमध्ये बसलेले मला ओळखत नाहीत. आली का पंचाईत लक्षात?

पण पुढचं ऐक. चौथ्या गाण्यात एका जागी तारेची खरखर येते. ती माझ्या बेसची आहे. जहाजातला एसी हवा पार सुकवतो आणि उघड्या डेकवर गेलं की दमट वाफ, त्यात माझ्या बेसची मान दर काही दिवसांनी वाकते. एवढ्यात मी ती पाना घेऊन सरळ केली नव्हती. स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगमध्ये कुणी खरखर ठेवेल? म्हणजे मग मीच वाजतोय. आणि मीच वाजत असेन, तर माझी घसरगुंडी गेली कुठे?

मला झोप येत नाही ती यामुळे, ट्रॅकमुळे नव्हे. ट्रॅक चालू असेल तर भांडता येतं, नाहीतर निदान शिव्या तरी घालता येतात. पण इतके महिने रोज कानात टिकटिक घेऊन मीच जर असा सरळ झालो असेन, आणि मला पत्ताही नसेल तर? मी आता मुद्दाम घसरून बघतो. केबिनमध्ये, हेडफोन लावून. येते घसरगुंडी, पण ठरवून आणल्यासारखी. लक्ष नसताना काय होतं ते मी कसं ऐकणार?

साउंडवाल्याला विचार, म्हणशील. विचारलं आणि ट्रॅक चालू निघाला, तर त्याची अडचण, माझीही. बंद निघाला, तर उद्या मेसमध्ये गोष्ट फिरणार की बेसवाल्याला स्वतःचं वाजवणं ओळखता येत नाही. इथे सगळे एकाच मेसमध्ये जेवतात, एकाच क्रू बारमध्ये पितात. खालच्या डेकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा जो लांबच लांब पॅसेज असतो, त्याला सगळे आय-९५ म्हणतात, अमेरिकेतल्या हायवेवरून. त्या हायवेवर सकाळी सोडलेली बातमी दुपारपर्यंत लाँड्रीत पोचते. शिवाय एम.डी., म्हणजे आमचा म्युझिक डायरेक्टर, आता आमचे रिपोर्ट लिहायला बसलाय आणि पुढच्या कॉन्ट्रॅक्टचा मेल माझ्यापुढे उघडा आहे. पुढच्या जहाजावर बँड चार जणांचा. बाकी तिघांचं काय, ते मेलमध्ये नाही. लॅपटॉपला विचारावं लागेल.

‘पेन ड्राइव्हलाच मानधन द्या’ असं म्हणून तू त्या आयोजकाच्या तोंडावर उठलास आणि मी बसून राहिलो. तेव्हा कोण बरोबर होतं, हे मी इथे लिहिणार नाही, तू आशेने वाचत असशील तरी. माझ्यावर हप्ते होते, तुझ्यावर नव्हते. शिवाय त्या रात्री तुझा बेस ड्रमही फाटलेला होता. तत्त्वासाठी उठलास, हे निम्मंच खरं.

केबिनचंही ऐकून घे. पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नाही, दोन बंक एकावर एक, खाली मी. जहाजाच्या पुढच्या टोकाला आहोत, त्यामुळे बंदर आलं की पहाटे बो थ्रस्टर सुरू होतात, म्हणजे जहाज आडवं सरकवणारे पंखे. उशीखाली कुणी काँक्रीट मिक्सर लावावा तसा आवाज. मेक्सिकोतल्या कोझुमेलला धक्का आहे, तिथे हा मिक्सर लागतोच. ग्रँड केमनला मोठ्या जहाजांना धक्का नाही, होड्यांनी लोक किनाऱ्यावर नेतात. कागदावर नियम चांगले आहेत बरं का, २४ तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्याला ७७, आणि त्याची नोंद ठेवावी लागते. पण सकाळी ड्रिल, दुपारी रिहर्सल, रात्री दोन शो आणि मध्ये लाउंजचा सेट, यातून विश्रांतीचे तास निघतात तेही सुटे सुटे.

ड्रिलला मी कोण, माहीत आहे? जिन्यावर उभा राहून लोकांना दिशा दाखवणारा. सात छोटे भोंगे, एक लांब, की मी बेस ठेवून लाइफ जॅकेट चढवतो आणि ‘इकडून, इकडून’ करतो. हसू नकोस. १९९१ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ ‘ओशियानोस’ नावाचं क्रूझ जहाज बुडालं, तेव्हा त्याच्यावरचा गिटारवाला मॉस हिल्स ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, गेला तर तिथे कुणीच नाही. त्याने रेडिओ उचलला आणि मदत मागितली. कप्तान तर सगळे प्रवासी उतरायच्या आधीच हेलिकॉप्टरने गेला होता. हिल्स, त्याची बायको आणि बाकीच्या कलाकार मंडळींनी माणसं बाहेर काढण्यात हात दिला, आणि ५७१ पैकी ५७१ वाचली. आमच्या ट्रेनिंगमध्ये कुणी हे सांगत नाही, ट्रम्पेटवाल्याने सांगितलं. तेव्हापासून मी म्हणतो, लॅपटॉपला जिन्यावर उभा करून दाखवा. त्यावर ट्रम्पेटवाला म्हणतो, फार चढू नकोस, टायटॅनिकवरचे आठही वादक गेले आणि त्यातल्या २१ वर्षांच्या व्हायोलिनवाल्याच्या, जॉक ह्यूमच्या, बापाला एजन्सीने नंतर पोराच्या युनिफॉर्मचं बिल पाठवलं, १४ शिलिंग ७ पेन्स. माझ्या कोटाचे पैसे पहिल्याच पगारातून कापून घेतलेत, म्हणजे बाबा त्या बाबतीत निर्धास्त.

सगळंच वाईट आहे असं नाही. पाहुणा कलाकार येतो ना, एखादी गायिका किंवा व्हायोलिनवाला, एका बंदरात चढून पुढच्यात उतरणारा, त्या दिवशी मजा असते. दुपारी एकच रिहर्सल, समोर चार्ट्स, म्हणजे गाण्यांची नोटेशन्स, टाकतो, कधी कधी हाताने खरडलेले, कॉफीचे डाग पडलेले, आणि रात्री शो. क्लिक नाही, ट्रॅक नाही. परवा एक बाई आल्या, साठीच्या पुढच्या. एका गाण्यात त्यांनी वाटेल तिथे थांबायला सुरुवात केली आणि आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडे डोळे लावून बसलो, खांदा हलला की उतरायचं. एका जागी मी त्यांच्याही मागे राहिलो. त्यांनी वळून बघितलं. चिडल्या की खूश झाल्या, कळलं नाही, पण बघितलं! आमच्या शोमधल्या लॅपटॉपने माझ्याकडे कधी वळून बघितलेलं नाही.

म्हणून दुसरी छोटी क्लिप आहे ती लाउंजमधली. तिथे आम्ही चौघंच, ट्रॅक नाही, तो मी आहे हे शपथेवर. दोन्ही लागोपाठ ऐक. मोठ्या व्हिडिओत पहिला मुखडा साडेसहा मिनिटांच्या सुमाराला येतो. फोनच्या स्पीकरवर ऐकू नकोस, बेस कळणार नाही. डोळे मिटून मांडीवर ठेका धर, मग सांग: तो दुसरा कुणी आहे, की मीच आहे आणि सरळ झालोय? माझ्या उशिराचा हिशेब जगात फक्त तुझ्याकडे आहे. इतकी वर्षं तो फरक भरून काढायला तूच स्नेअर ड्रम अंगुळभर मागे मारत होतास, आणि ते कबूल करत नव्हतास. आणि गोड बोलायचं म्हणून काही बोलू नकोस. तसं तू कधी बोलला नाहीस, पण वय झालं की माणसं बिघडतात.

तुझा गुडघा कसा आहे? काकूंचं मोतीबिंदूचं झालं का? धाकटी गाणं शिकतेय म्हणे, कुणाकडे? नवीन ऑफिसबद्दल लिही, खडूस साहेब आहे की साहेब तूच झालास? वहिनीला नमस्कार सांग, तिने पाठवलेली ती ऑडिओ क्लिप ऐकली, धाकटीचा सूर चांगला आहे, लय तुझ्यावर जाऊ नये.

बुधवारी कोझुमेलला असू. माझी जहाजावर थांबायची पाळी नाही, तेव्हा उतरून नेट मिळवीन. कॉन्ट्रॅक्टच्या मेलला उत्तर मी त्यानंतर देणार आहे. तू काय म्हणतोस त्यावर सही ठरेल असं नाही, हप्ते अजून आहेत. पण मला माहीत असलेलं बरं. एम.डी.ला काय बोलायचं, तेही तेव्हाच बघू.

तुझा,
बेसवाला

ता. क. तुझा स्नेअर माझ्याकडे नाही. तिसऱ्यांदा लिहितोय. तो मास्तरांच्या माळ्यावर आहे, त्यांच्या मुलाने त्यात पतंगाचा मांजा ठेवलाय, मी डोळ्यांनी बघितलंय. जाऊन घेऊन ये.