माणाहून, बर्फ पडायच्या आधी

प्रिय संज्या,

फोनवर आवाज सारखा तुटत होता म्हणून सरळ लिहायलाच बसलो. मी माणात आहे, चमोली जिल्ह्यात, बद्रीनाथच्या पुढे तीन किलोमीटर, उंची साधारण ३२०० मीटर. आधी याला भारताचं शेवटचं गाव म्हणायचे, आता पाटीवर 'पहिलं गाव' लिहिलंय.

गाव म्हणजे उतारावर एकमेकाला चिकटलेली दगडी घरं, मधून फरशीची वाट, आणि दोन नद्या. अलकनंदा सतोपंथच्या हिमनदीकडून येते, सरस्वती माणा खिंडीच्या बाजूने. भीमपुलाशी ती कड्यांच्या फटीतून इतक्या जोरात बाहेर पडते की शेजारच्याशी पण ओरडून बोलावं लागतं, आणि थोडं खाली गेलं की केशवप्रयागला अलकनंदेत मिसळून संपूनही जाते.

तू २०११ च्या जनगणनेत दारोदार फिरलास ना, म्हणून तुला हे सांगायचंच होतं. त्यात इथली लोकसंख्या बाराशेच्या आसपास आली, पण तू फेब्रुवारीत माणसं मोजत होतास तेव्हा इथे मोजायला गावकरीच नव्हते! नोव्हेंबरात बद्रीनाथाची दारं बंद व्हायच्या सुमारास अख्खं गाव, लेकरं, म्हातारीकोतारी, गुरं, सगळं घेऊन गोपेश्वर, घिंघराणकडे उतरतं ते उन्हाळ्यातच परत वर. म्हणून बर्फाळ भागाची मोजणी आधीच, १ ऑक्टोबर २०१० ही तारीख धरून झाली. आता पुढच्या जनगणनेत पण बाकी देशाला १ मार्च २०२७ आणि यांना १ ऑक्टोबर २०२६. मला तर हे ऐकून खूप बरं वाटलं, कुणीतरी या लोकांच्या वर-खाली जाण्याचा विचार केलाय.

इथले लोक मार्छा भोटिया जमातीचे. मी राहतो त्या घरातल्या आजी दिवसभर उन्हात बसून तकलीवर लोकर कातत असतात, बोलताना पण हात थांबत नाही, धागा तुटला की थुंकी लावून परत जोडतात. त्यांचे सासरे मेंढ्यांच्या पाठीवर धान्य लादून खिंडीतून तिबेटात जायचे, येताना मीठ आणि लोकर. १९६२ ला ते बंद झालं ते झालंच. दारं बंद होताना बद्रीनाथाला तुपात भिजवलेलं घोंगडं पांघरतात ना, ते माणाच्याच कुमारिका विणतात. आजींनीही लग्नाआधी विणलंय, सांगताना चेहरा बघायला हवा होतास.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. यंदा २८ फेब्रुवारीला माणाजवळ रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या छावणीवर हिमकडा कोसळला, ५४ जण गाडले गेले, आठ वाचले नाहीत. गावकरी सगळे खाली आणि ही परगावची पोरं बर्फात वर. त्यांच्या थंडीतल्या मुक्कामाची नोंद गावाच्या आकड्यात कुठे येणार रे? तू मोजणी केलीयस, तुला याबद्दल काय वाटतं ते मनापासून लिही.

इथे आवराआवर सुरू झालीय. आजींनी बटाटे पोत्यात भरले, पितळी भांडी गोधडीत गुंडाळून ठेवली, आता ट्रकवाल्याची वाट बघतायत. तुझ्या आईसाठी हातमोजे घेतलेत, त्यांनीच विणलेले, माप अंदाजाने सांगितलंय.

तुझा,
नंदू
१८ ऑक्टोबर २०२५