सोनू, लिस्ट मागितलीस ना, ही घे

चि. सोनू,

परवा फोनवर म्हणालीस पप्पा सुट्टीत काय वाचू, काय बघू, एक लिस्ट पाठवा. लिस्ट मला जमत नाही, किराण्याची पण तुझी आईच करते. पण जळगावात सध्या दुपारी बाहेर पाय टाकायची सोय नाही, 44 च्या वर जातंय, कूलरसमोर आडवं पडून दुसरं करायचं काय, म्हणून बसलो लिहायला.

तुला माहितीये मी तीस वर्षं पास काढून जळगाव-भुसावळ अप-डाऊन केलं. मधे भादली लागतं. आमचा पत्त्यांचा डाव तिथे ऐन रंगात यायचा, म्हणून खिडकीतून कधी धड बघितलं पण नाही. रिटायर झाल्यावर कळलं की बालकवी, म्हणजे आपल्या धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे, मे 1918 मध्ये तिथेच रूळ ओलांडताना गाडीखाली गेले, 28 पण पूर्ण व्हायचे होते. शाळेत त्यांच्या कविता पाठ करून मार्क घेतले पण हे कोणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि मी झोपलो असेन. तर पहिलं त्यांचं वाच. सगळं नको, फुलं-पाखरं मलाही जास्त झाली की कंटाळा येतो, पण औदुंबर वाच. आठच ओळी आहेत. एक गाव, एक पायवाट, एक डोह, बस. मी ती वाचली त्या रात्री झोप लागली नाही, आणि ते उकाड्यामुळे नव्हतं.

बहिणाबाई तुझ्या कपाटात आहेत, मला माहितीये, बक्षीस मिळालेलं पुस्तक, पान न उलटलेलं. ते मनातल्या मनात वाचू नको. मी चूक केली होती, वर्तमानपत्रासारखं वाचत गेलो आणि दोन दिवसांत संपवून ठेवून दिलं. मग एकदा लाइट गेली होती म्हणून आजीजवळ ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं, तर ती म्हणे काय वाचू राह्यला रे भाऊ, हे तं आपन बोलतो तसंच हाये. आणि मग माझे उच्चारच सुधारायला लागली, पुस्तकात छापलंय सांगितलं तरी ऐकेना. तिला सांगितलं की या असोद्याच्या, 1880 चा जन्म, लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर आणि शेतात गाणी सुचायची ती मुलगा सोपानदेव उतरवून घ्यायचा, बाई 1951 ला गेल्या आणि पुस्तक आलं 1952 ला. आजी बराच वेळ गप्प. मग म्हणे, वाचता येत नव्हतं ना, मंग तं बरोबर हाये. ती पण अंगठाच लावते ना. तू आलीस की तिच्यासमोरच वाच, अर्थासाठी गूगल करायची गरज पडणार नाही.

कोसला ही कादंबरी मुद्दाम सांगतोय कारण तू पुण्यात हॉस्टेलवर आहेस आणि त्यातला पांडुरंग सांगवीकर पण आपल्या भागातून पुण्याला शिकायला गेलेला, मेस, रूम, उधारी, सगळं तेच, पुस्तक 1963 चं असलं तरी. लिहिणारे भालचंद्र नेमाडे आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे. खरं सांगू का, मी ते दोनदा अर्धवट सोडलं. पहिल्यांदा कंटाळून. दुसऱ्यांदा त्याच्या लहान बहिणीचं, मनीचं प्रकरण आलं तेव्हा, तू चार वर्षांची होतीस आणि शेजारी तापाने फणफणलेली होतीस, मी पुस्तक मिटून माळ्यावरच टाकलं. पूर्ण केलं ते तू पुण्याला गेल्यावर. तुला कसं वाटतं ते मला सांग, आईला नको सांगू.

बघायचं म्हणशील तर तुमची ती आठ-आठ एपिसोडची सिरीज बघायला मी नाही म्हणत नाही, पण एक दुपार जैत रे जैतला दे. 1977 चा, जब्बार पटेलांचा. स्मिता पाटील म्हणजे आपल्या शिरपूरच्या घरातली मुलगी, हे तुझी आई प्रत्येक वेळी पिक्चर सुरू व्हायच्या आधी सांगतेच. गाणी ना. धों. महानोरांची, अजिंठ्याच्या डोंगराखालच्या पळसखेडचे, स्वतः शेती करणारे, संगीत हृदयनाथांचं. गाणी वेगळी ऐकायची तर रात्री गच्चीवर ऐक, हेडफोन न लावता, फोन उलटा ठेवून. आणि ते दीडच्या स्पीडने बघायचं खूळ कृपा करून इथे चालवू नको, त्यातली डोंगरावरची मधमाशी काय दीडच्या स्पीडने चावत नाही.

हसायचं असेल तर मालेगावच्या सुपरमॅनवरची डॉक्युमेंटरी आहे, 2008 ची, तासाभराची. पॉवरलूमवर काम करणारा काडीसारखा पोरगा सुपरमॅन होतो. मी हसत हसत बघितली आणि शेवटी चष्मा पुसत बसलो. श्यामची आईबद्दल काही सांगत नाही, ते तुला लहानपणी झालंय, आणि अमळनेर म्हटलं की आजी साने गुरुजींचं सुरू करतेच.

राहिलं ऐकायचं. ते कुठल्याच ॲपवर मिळणार नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गल्लीत झोके बांधतील, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणतात त्यातली निम्मी आता फक्त आजीला आणि समोरच्या काकूंना पूर्ण येतात, बाकीच्या दुसऱ्या कडव्यापासून नुसत्या हूं हूं करतात. तू ये आणि रेकॉर्ड कर, माझ्या मोबाईलमध्ये जागा नाही, सगळी गुड मॉर्निंगने भरलीये.

तिकीट काढलं की कळव. बिबडे वाळत घातलेत, आमरसाचं आई बघतेय. आणि एक दिवस सकाळी सहाला गाडी काढू, आपण दोघंच, भादलीला जाऊन ऊन चढायच्या आत घरी. पुस्तक मी घेतो, पाण्याची बाटली तू घे.

तुझा,
पप्पा